सर्क्लिप, मॅग्नेट आणि मोठे काका

लॉकडाउनमध्ये लोकांनी केक केले, डालगोना कॉफी केली. मी बाबांची चेतक उघडली.

२०२० च्या एप्रिलमध्ये काल्हेर इतकं गप्प झालं होतं की आई रात्री दचकून उठायची. आमचं घर ठाणे-भिवंडी रस्त्यालगत, कशेळीचा खाडीपूल ओलांडला की लगेच. हा जुना आग्रा रोड. एकेकाळी इथे भातशेती आणि रेती बंदर होतं, मग गोदामं आली आणि रस्त्यावरचे ट्रक कधी थांबलेच नाहीत. हॉर्न हे आमचं अंगाईगीत. ते बंद पडलं तेव्हा घरातली माणसं जुन्या गोष्टी उकरायला लागली. त्यातलीच एक म्हणजे जिन्याखाली सोळा वर्षं ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेली स्कूटर.

तिच्याबद्दल आमच्या घरात एकच वाक्य होतं. दर गणपतीला, जेवणं उरकली की बाबा म्हणायचे, “दादानं हात लावला नि गाडीची वाट लागली.” दादा म्हणजे माझे मोठे काका. ते समोरच पान लावत बसलेले असायचे. हसायचे, पण उत्तर द्यायचे नाहीत. २०११ मध्ये काका गेले. वाक्य मात्र राहिलं.

मला वाटलं, वेळ आहे, यूट्यूब आहे, बघू तरी नेमकं काय बिघडलंय. प्लगला ठिणगी येत होती, पण किक मारली की गाडी पायालाच उलटा झटका द्यायची. म्हणजे टायमिंग चुकलेलं. ते बघायचं तर आधी फ्लायव्हील काढायला हवं. गॅरेजवाले त्याला ‘मॅग्नेट’ म्हणतात. जूनमध्ये दुकानं उघडल्यावर मी अंजूरफाट्याहून दोन पायांचा पुलर आणला. त्याचे पाय मॅग्नेटच्या पात्यांमागे अडकवले, मधला स्क्रू पान्यानं आवळला आणि ‘कट्’ असा आवाज आला. मॅग्नेट जागचं हललं नव्हतं. त्याचं एक पातं तुटून माझ्या पायाशी पडलं होतं.

बाबा दारातून बघत होते. म्हणाले, “काकावर गेलास.”

*

पुलर म्हणजे काय, हे आधी सांगतो. एखादी वस्तू दांड्यावर घट्ट दाबून बसवलेली असते. ती काढायचे दोन मार्ग: मागून ठोकायची किंवा पुढून ओढायची. पुलर ओढतो. त्याचे पाय वस्तूला मागून धरतात आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर दाब देतो. स्क्रूचा एक फेरा फिरवला की तो जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढे सरकतो, म्हणून मनगटाच्या जोराचं रूपांतर काही टनांच्या ओढीत होतं. कल्पना पुरातन आहे. द्राक्षं आणि ऑलिव्ह पिळायचे स्क्रूचे दाबयंत्र रोमनांकडेही होते. पुलर म्हणजे तेच यंत्र, फक्त उलट्या कामाला लावलेलं.

त्याची गरज मात्र नवी आहे. बैलगाडीचं चाक काढायला पुलर लागत नाही. एक खिळ काढली की चाक हातात येतं. पुलर लागतो तो जिथे दोन भागांमध्ये मुद्दाम फट ठेवलेलीच नसते तिथे. आणि या घट्टपणाचा इतिहास भिवंडीकरांच्या ओळखीचा आहे, कारण तो कापडाच्या गिरणीतून जातो.

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर एका कापडगिरणीत देखभालीचं काम बघायचा. गिरणी चिकणमातीवर उभी होती. जमीन सरकायची, छताखालचे लांबलचक दांडे वाकडे व्हायचे, बेअरिंगं जळायची आणि माग बंद पडायचे. त्यानं छर्ऱ्यांच्या दोन रांगांचं असं बेअरिंग बनवलं की दांडा थोडा वाकडा झाला तरी ते स्वतःला जुळवून घेई. १९०७ मध्ये त्यातून एसकेएफ कंपनी उभी राहिली. १९६१ मध्ये तिची भारतातली कंपनी स्थापन झाली आणि कारखाना आला पुण्याजवळ चिंचवडला. आमच्या भिवंडीत, विशेषतः १९८२ च्या गिरणी संपानंतर, मुंबईतलं कापडाचं कितीतरी काम यंत्रमागांवर आलं. त्या मागांच्या आवाजात वाढलेल्या कुणालाही विंगक्विस्टची डोकेदुखी समजावून सांगावी लागणार नाही.

बेअरिंगच्या दोन कड्या असतात, एक आत आणि एक बाहेर, मध्ये छर्रे. पुलर निवडायचा पहिला नियम यातूनच निघतो: जी कडी घट्ट बसली आहे, तीच ओढायची. बेअरिंग दांड्यावर घट्ट असेल तर आतली कडी धरा, घरात घट्ट असेल तर बाहेरची. चुकीची कडी ओढलीत तर सगळा जोर छर्ऱ्यांमधून जातो आणि कड्यांवर बारीक खड्डे पडतात. बेअरिंग निघतं, चांगलं दिसतं, परत बसवलं तर काही दिवसांनी घरघरायला लागतं.

*

आता मॅग्नेटकडे येऊ. इथे इटली येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत दोन स्कूटर जन्मल्या. विमानं बनवणाऱ्या पियाज्जिओनं १९४६ मध्ये व्हेस्पा आणली आणि पोलादी नळ्यांच्या धंद्यातल्या इनोचेंतीनं १९४७ मध्ये लँब्रेटा. दोघींचं भारतातलं सासर महाराष्ट्रात. बजाजनं १९४८ पासून व्हेस्पा आयात केली, १९६० च्या सुमारास पियाज्जिओशी करार केला आणि मग आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. तो करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन चेतक आली, पण हाडं व्हेस्पाचीच. लँब्रेटा बनायची मुंबईत भांडुपला, ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियात. सगळे तिला ‘एपीआय’ म्हणायचे.

मोठे काका एपीआयमध्ये टर्नर होते. काल्हेरहून ठाण्यापर्यंत एसटी, तिथून लोकल. घरची भातशेती सोडून लेथवर उभा राहिलेला आमच्या घरातला पहिला माणूस.

दोन्ही स्कूटरचं मॅग्नेट एकाच पद्धतीनं बसतं. क्रँकचं टोक निमुळतं, मॅग्नेटचं भोक तसंच निमुळतं, मध्ये अर्ध्या चंद्रासारखी छोटी चावी. नट आवळला की दोन पृष्ठभाग एकमेकांना असे धरतात की हातानं सुटणं शक्य नाही. सगळा जोर त्या निमुळत्या पकडीनं पेलायचा असतो. चावीचं काम फक्त जागा दाखवायचं.

फरक आहे तो काढण्यात. लँब्रेटाच्या मॅग्नेटला वेगळा पुलर लागतो. तो मॅग्नेटच्या मधल्या भागावर आट्यांनी बसतो आणि मग मधला बोल्ट आवळायचा. हा पुलर नसेल तर मेकॅनिक हतबल. व्हेस्पाच्या, म्हणून चेतकच्याही, मॅग्नेटमध्ये पुलर पोटातच असतो. नटाला कॉलर असते आणि तिच्यावर, मॅग्नेटच्या आतल्या खाचेत, एक सर्क्लिप बसते. साधी वाकवलेल्या पोलादी तारेसारखी दिसणारी कडी. नट सोडायला लागलात की आधी तो सुटतो, थोडा सैल फिरतो आणि मग पुन्हा घट्ट होतो. नवखा माणूस इथे घाबरून थांबतो. थांबायचं नसतं. कॉलर सर्क्लिपला टेकलेली असते आणि आता नटच मॅग्नेटला बाहेर ओढत असतो.

पण ती कडी हरवली, तर नट नुसता निघून हातात येतो आणि मॅग्नेट तिथेच राहतं. मग बहुतेक ठिकाणी छन्नी आणि हातोडी निघते.

हे सगळं मला तुटलेलं पातं हातात धरून कळलं. मॅग्नेटमध्ये टॉर्च मारला. खाच रिकामी होती. मागच्या कडेला छन्नीचे चार घाव होते, जुने, गंजलेले.

*

पहिला पुलर चुकीचा निघाल्यानंतर मी पुढची खरेदी शिकून केली. लोकल सुरू झाल्यावर मुंबईला नागदेवी स्ट्रीटला गेलो. हत्यारांसाठी ही गल्ली म्हणजे पंढरपूर. मी म्हटलं, “पुलर दाखवा.” दुकानदारानं विचारलं, “काढायचं काय आहे?” घरी गाडीचं काम करणाऱ्यानं आधी स्वतःला हाच प्रश्न विचारावा. पुलर गाडी बघून नाही, निघणारी वस्तू बघून घ्यायचा.

बेअरिंग, गिअर, पुली अशा मागून धरता येणाऱ्या गोष्टींना पायांचा पुलर. जागा असेल तर तीन पायांचा, कारण ओढ सारखी पडते आणि पाय सटकत नाही. जागा अरुंद असेल तरच दोन पायांचा. घेण्याआधी दोन मापं घ्या: वस्तूची रुंदी आणि तिच्या मागच्या कडेपासून दांड्याच्या टोकापर्यंतची लांबी. पाय जेमतेम पोचणारा पुलर घेऊ नका, एक माप मोठा घ्या.

मोटारसायकलच्या मॅग्नेटला पायांचा पुलर लावायचाच नाही. माझं पातं आठवा. बहुतेक मोटारसायकलींच्या मॅग्नेटवर आटे असतात आणि पुलर त्या आट्यांचाच लागतो. मॉडेल बदललं की आटे बदलतात, म्हणून आपल्या मॉडेलचाच मागा आणि हातानं पूर्ण आत बसतो का ते बघा. दोनच आट्यांवर जोर दिलात तर आटे मेले म्हणून समजा. कारचं स्टिअरिंग किंवा क्रँकची पुली काढायला बोल्टचा पुलर असतो. अशा पुलीच्या दोन कड्यांमध्ये बहुधा रबर असतं. बाहेरची कडी ओढलीत तर रबर फाटतं. आंधळ्या भोकातलं बेअरिंग, म्हणजे ज्याच्या मागे जाताच येत नाही ते, काढायला आतून फुगणारा पुलर लागतो.

स्क्रूला ग्रीस लावा. दांड्याच्या टोकाचे आटे वाचवायला मध्ये नट किंवा धातूचा तुकडा ठेवा. आणि चष्मा घाला. ताणलेला पुलर सटकला की त्याचा पाय कुठे जाईल ते सांगता येत नाही. माझं पातं पायाशी पडलं, डोळ्यात गेलं नाही, हे माझं नशीब.

*

चेतकला मात्र यातलं काहीच लागलं नाही. लागणार होती ती एक सर्क्लिप, आणि ती घरातच होती.

काकांची हत्यारांची पेटी काकूनं जपून ठेवली होती. वर लँब्रेटाचा पुलर होता, त्यांनी स्वतः लेथवर केलेला, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. खाली तंबाखूची चपटी डबी. डबीत सात सर्क्लिप आणि एक कागद: ‘चेतक मॅग्नेट’. लँब्रेटाच्या कारखान्यातला माणूस धाकट्या भावाच्या गाडीसाठी सुटे भाग साठवून होता.

एक कडी खाचेत बसवली. मॅग्नेट पट्ट्यानं धरलं, नट सोडला. सैल झाला, पुन्हा घट्ट झाला. मी पान्यावर वजन टाकलं. ‘टक्’. मॅग्नेट हातात आलं. आतली अर्धचंद्री चावी कापली गेली होती, निमुळत्या भागावर ओरखडे होते. ठोकून काढलेलं मॅग्नेट नीट न पुसता परत बसवलेलं, पकड लागलीच नाही, चावी तुटली, मॅग्नेट सरकलं आणि टायमिंग गेलं.

मी सगळं बाबांसमोर वर्तमानपत्रावर मांडलं. चावी, छन्नीचे घाव, डबी. बाबांनी एक कडी उचलली, बराच वेळ फिरवून बघितली.

मग म्हणाले, “दादानं केल्यावर महिनाभर बरी चालली होती. मग दिवा मंद झाला. दादाला सेकंड शिफ्ट होती. मी रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. पंधरा मिनिटांत काढून दिलं होतं त्यानं मॅग्नेट.”

“हे कधी सांगितलं नाहीत, बाबा?”

“तेव्हा कुठं माहीत होतं, कसं काढतात ते.”

नवी चावी, निमुळते भाग पेस्टनं घासून जुळवून घेतलेले, कॉइल, ब्रेकच्या केबली, टायर. ऑगस्टच्या शेवटी चेतक सुरू झाली. एक पातं कमी असल्यामुळे किंचित थरथरते. बजाजनं २००९ च्या डिसेंबरात स्कूटरचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं होतं, आणि २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव विजेवर परत आलं. आमची मात्र अजून धूर सोडते.

त्या वर्षी गणपतीला घरात पाचच माणसं होती. जेवणं झाल्यावर आम्ही सगळे सवयीनं बाबांकडे बघायला लागलो. बाबा उठले, जिन्याखालून गाडी बाहेर काढली आणि काकूला म्हणाले, “वहिनी, बसा. कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन येऊ.”