राइट विमान-एंजिन (१९०३)

ऑर्व्हिल व विल्बर राइट या अमेरिकन बंधूंच्या ‘फ्लायर’ या पहिल्या यशस्वी शक्तिचलित विमानाचे एंजिन. पुरेसे हलके एंजिन मोटार कारखान्यांकडून न मिळाल्याने राइट बंधूंच्या सायकल दुकानातील कारागीर चार्ल्स टेलर यांनी ते सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. त्यात चार आडवे सिलिंडर असून त्याची शक्ती सुमारे १२ अश्वशक्ती व वजन सुमारे ८० किग्रॅ. होते. वजन कमी राखण्यासाठी भुजादंड सामावणारी पेटी ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची ओतलेली होती.

१७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकजवळ चौथे उड्डाण झाल्यावर वाऱ्याने विमान उलटले आणि ही पेटी फुटली. भुजादंड व प्रचक्र १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनासाठी देण्यात आले. ते परत मिळाले नाहीत. त्यामुळे वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात जतन केलेल्या फ्लायरचे एंजिन सर्वस्वी मूळचे नाही. ते नंतरच्या एंजिनाचे भाग वापरून जुळविलेले आहे.

मूळची फुटकी पेटी मात्र टिकून राहिली. तिच्या धातूचे परीक्षण १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८ टक्के तांबे असून त्याच्या अतिसूक्ष्म अवक्षेपांमुळे धातूला कठीणपणा आल्याचे आढळले. अवक्षेपणाने ॲल्युमिनियम मिश्रधातू कठीण होण्याचा शोध जर्मन धातुवैज्ञानिक आल्फ्रेट व्हिल्म यांनी १९०६ मध्ये लावला. म्हणजे हा गुणधर्म ज्ञात होण्यापूर्वीच पहिल्या विमानात नकळत उपयोगी पडला होता. निकामी झालेला भाग टाकून न दिल्यामुळेच हे उमगू शकले.