माजघरातला उजेड

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, घरी फोटो काढायला स्वस्तातले दिवे घ्यायचेत. तू घेतलेस ना? कुठले घेऊ?" तिला तेवढ्यापुरतं उत्तर दिलं. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला एवढ्याशा उत्तरावर थांबता येतं का? म्हणून हा लेख. घाई असलेल्यांनी सरळ शेवटाकडे जावं!

आमच्या घरी फोटोंची एक पत्र्याची पेटी आहे. पुरुषांचे फोटो बरेच आहेत, भिवंडीच्या स्टुडिओत कोट घालून, हात खुर्चीवर ठेवून काढलेले. सासूबाईंचा मात्र एकच. 1961 साली मोठ्या दिरांच्या लग्नात अंगणात काढलेला, तोही डोळ्यांवर ऊन आल्यानं कपाळाला आठ्या पडलेला. त्यांचं सगळं आयुष्य माजघरात आणि चुलीपुढे गेलं, आणि तिथला त्यांचा एकही फोटो नाही. घरात कुणाला त्यांची पर्वा नव्हती असं नाही. माजघरात उजेडच नव्हता. कौलात बसवलेली एक काच आणि चुलीचा जाळ, एवढ्यावर त्या काळचा कॅमेरा काही टिपू शकत नव्हता.

फोटोग्राफी आपल्याकडे काही उशिरा आली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मंडळात होते आणि स्वतः उत्तम फोटो काढत. पण त्या वेळच्या ओल्या काचेला काही सेकंद भरपूर उजेड लागे, म्हणून स्टुडिओ म्हणजे काचेच्या छपराची खोली. ऊन थेट पडू नये म्हणून पांढरे पडदे लावायचे, आणि माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा. ती काच निळा उजेड पटकन टिपायची आणि लाल जवळजवळ नाहीच. म्हणून जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू काळंकुट्ट दिसतं. शाळेत मुलं विचारायची, "बाई, त्या काळी काळं कुंकू लावायचे का?"

तात्पर्य, ज्याला फोटो हवा त्यानं उजेडापाशी जायचं. जी बाई घराबाहेर पडत नाही तिनं काय करायचं? राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. मोठी गोष्ट होती ती. पण तीही खानदानी स्त्रियांसाठी, आणि तिथंही जायचं स्टुडिओतच. स्वयंपाकघरात कुणी आलं नाही.

अंधाऱ्या खोलीत कॅमेरा नेता येऊ लागला तो 1887 मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी तयार झाल्यावर. भुकटी पेटवायची, भक्कन उजेड, मग धूर. न्यूयॉर्कच्या जेकब रीस यांनी ती घेऊन गरिबांच्या कोंदट खोल्यांचे फोटो काढले आणि 1890 मध्ये पुस्तक छापलं. ते पाहून श्रीमंत न्यूयॉर्कला कळलं की शेजारच्या गल्लीत माणसं कशी राहतात. या नादात आपल्या हातून दोनदा घराला आग लागली, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. गवत-पेंढा भरलेल्या आपल्या घरांत असला जाळ कोण करू देणार?

आपल्याकडे आणखी एक नाव मला फार महत्त्वाचं वाटतं, सरस्वतीबाई फाळके. दादासाहेबांचा 'राजा हरिश्चंद्र' (1913) सूर्याच्या उजेडावर निघाला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडली, ती धुतली. उजेड परतवून नटांच्या तोंडावर टाकायला त्या पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, असंही सांगतात. चादर! आज ज्याला 'रिफ्लेक्टर' म्हणून पैसे मोजतो, ती वस्तू तीच.

पुढे फ्लॅशचे बल्ब आले. एका फोटोला एक बल्ब, उडाला की फेकायचा. लग्नात फोटोवाला तापलेला बल्ब रुमालानं काढायचा आणि तो मिळवायला आम्हा पोरांची झुंबड. एवढा महागाचा उजेड नवरा-नवरीसाठी असायचा, भाकऱ्या थापणारीसाठी नाही. बडोद्याला बनणारा आगफा क्लिक थ्री बऱ्याच मध्यमवर्गीय घरांत पोहोचला, रोलमध्ये बारा फोटो. पण त्याचंही उन्हाशीच जमायचं. त्यामुळे घरातली माणसं फोटोसाठी अंगणात. आमच्या पेटीतले निम्मे चेहरे म्हणूनच डोळे बारीक केलेले आहेत.

खरा फरक पडला तो एलईडीनं. निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला. त्याबद्दल तिघा शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. 2015 मध्ये सरकारची 'उजाला' योजना आली आणि गावागावांत एलईडी बल्ब सत्तर रुपयांच्या आसपास मिळू लागला. आज वडप्याच्या आजूबाजूला नाशिक हायवेला इतकी गोडाऊन झालीत की भाची पुण्यात बसून जो दिवा मागवेल, तो कदाचित आमच्या दारावरूनच तिच्याकडे जाईल.

आता तिचा प्रश्न. मी काही तज्ज्ञ नाही, पण वापरून जे कळलं ते सांगते. दिवा, स्टँड आणि पांढरी छत्री मिळून दोन हजारांच्या आत जमलं. खोक्यावर किती वॅट लिहिलेत ते नंतर पाहा, आधी सीआरआय हा आकडा पाहा. तो 90 च्या वर हवा. स्वस्त दिव्यांच्या उजेडात लाल रंग कमी असतो, मग कुंकू तपकिरी दिसतं. दीडशे वर्षांपूर्वी ते काळं यायचं, आता तपकिरी नको! दिवा कमी ताकदीचा असेल तर जवळ आणा. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. चष्मेवाल्यांसाठी ते गोल रिंग लाइट घेऊ नका, दोन्ही काचांत दोन बांगड्या दिसतात. स्टँडच्या पायाला दोन किलो तांदळाची पिशवी अडकवा, नाहीतर नातवंडं पाडतात.

छत्रीचे पैसेही वाचवता येतात. दिव्यापुढे थोड्या अंतरावर पांढरं कापड ताणलं की सावल्या मऊ होतात, आणि कापड जितकं मोठं तितक्या जास्त मऊ. आमच्या भिवंडीत यंत्रमागाच्या कापडाला काय तोटा! फक्त मागावरून उतरलेलं कोरं कापड घेऊ नका. त्याला पिवळट झाक असते, ती चेहऱ्यावर येते. धुवट पांढरं घ्या.

मागच्या दिवाळीत हे सगळं घेऊन मी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. गॅस आला तरी चूल मोडू दिलेली नाही. भाकरी थापताना, जाळ पुढे सारताना, पदरानं घाम पुसताना असे वीस-बावीस फोटो काढले. हातावरच्या शिरा, बांगड्यांवरचं पीठ, भिंतीवरची काजळी, सगळं स्पष्ट आलं. मी दाखवायला लागले तर त्यांचं फोटोंकडे लक्षच नाही. दिव्याकडे बघत म्हणाल्या, "हा इथंच ठेवशील का गं? तांदूळ निवडायला बरा पडेल."