नेमबाजीच्या स्पर्धा आणि सुरक्षिततेची शिस्त

नेमबाजीच्या स्पर्धांचा इतिहास सामान्यतः विजेत्यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. परंतु शस्त्रे हाती घेतलेल्या शेकडो माणसांना एका मैदानावर निर्धास्तपणे एकत्र येता यावे, यासाठी जी शिस्त घडत गेली तिचा इतिहासही तितकाच बोधप्रद आहे.

इंग्लंडात राष्ट्रीय रायफल संघटना १८५९ साली स्थापन झाली. २ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथे तिच्या पहिल्या स्पर्धांचा प्रारंभ राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरील लक्ष्यावर गोळी झाडून केला. रायफल आधीच नेम धरून आधारावर पक्की बसविलेली होती. राणीने केवळ चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. त्या काळी सुरक्षिततेचा मुख्य भार स्थळावर व अंतरावर असे. लक्ष्याजवळचे सेवक आडोशात बसून गुण दर्शवीत आणि बाहेर पडावयाचे असल्यास धोक्याचे निशाण लावीत. ते निशाण पाहून नेमबाज थांबतील, या विश्वासावरच त्यांचे प्राण अवलंबून असत. पुढे विंबल्डनभोवती लोकवस्ती वाढली, आणि १८९० पासून या स्पर्धा सरे परगण्यातील बिस्ली येथे भरू लागल्या.

तथापि केवळ स्थळ बदलून सुटणारा हा प्रश्न नव्हता. १९७६ साली अमेरिकेतील कोलंबिया (मिझुरी) येथे जेफ कूपर यांच्या अध्यक्षतेखाली व्यावहारिक नेमबाजीचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. या प्रकारात स्पर्धक धावतो, वळतो, धावता धावता काडतुसे भरतो. साहजिकच सुरक्षिततेचा भार मैदानावरून स्पर्धकाच्या हातावर आला. नळीचे तोंड ठरविलेल्या १८० अंशांच्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. जागा बदलताना बोट चापापासून दूर असावे. पिस्तूल हातातून पडल्यास, मग ते रिकामे का असेना, स्पर्धक बाद व्हावा, असे हे नियम आहेत. पिस्तूल हाताळण्यासाठी राखलेल्या जागेत काडतुसाला स्पर्श करण्यासही मनाई असते.

हानी झालेली नसताना, हेतूही वाईट नसताना, संपूर्ण स्पर्धेतून बाद करणे हा अन्याय नव्हे काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु अपघात घडल्यानंतर दिलेली शिक्षा गेलेला प्राण परत आणू शकत नाही. म्हणून येथे दंड परिणामाला नसून सवयीला आहे. आणि नवखा व विजेता या दोघांनाही तो सारखाच लागू होतो.

एका जागी उभे राहून वा पडून करावयाच्या ऑलिंपिक नेमबाजीतही हेच तत्त्व दिसते. २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ज्या नियमांखाली खेळतात, त्यांनुसार वापरात नसलेल्या रायफलीच्या रिकाम्या कोठीत ठळक रंगाची खूणपट्टी घालावी लागते. विंबल्डनला जे निशाण लक्ष्याजवळ लागत असे, ते आज प्रत्येक शस्त्राच्या कोठीत आले आहे. परक्याच्या सावधगिरीवर विसंबण्यापासून स्वतःच्या सावधगिरीचा पुरावा देण्यापर्यंतचा हा प्रवास होय.