कुरण आणि मद्यगृह : एका खेळाच्या जन्मकथेविषयी

बेसबॉलचे नियम मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतात. पण त्या खेळावरच्या कादंबऱ्यांमधले चित्र त्याच्या चांगले परिचयाचे असते. हिरवे कुरण, उन्हाळ्यातली संथ दुपार, बाप आणि मुलगा. बर्नार्ड मॅलमडच्या ‘द नॅचरल’ (१९५२) मध्ये ग्रामीण मुलुखातला तरुण आगगाडीने महानगराकडे निघतो, आणि संघाचा म्हातारा व्यवस्थापक आपण शेतकरीच व्हायला हवे होते म्हणून हळहळतो. किन्सेलाच्या ‘शूलेस जो’ (१९८२) मध्ये तर मक्याच्या शेतातच मैदान उगवते. या कुरणात बिअरचा वास कुठेच येत नाही. तो मुळात नव्हता असे नाही. तो पुसला गेला, असे आम्हांला वाटते. कसा पुसला गेला हे पाहायचे तर सेंट लुईस या शहराकडे वळावे लागते.

मिसिसिपीकाठच्या या शहरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन स्थलांतरितांचे लोंढे आले. त्यांची लागर बिअर थंडाव्यात कित्येक आठवडे मुरवावी लागे. यंत्राने थंडावा निर्माण करण्याची सोय तेव्हा नव्हती. पण शहराखाली चुनखडीच्या नैसर्गिक गुहा होत्या. त्यांत बर्फ भरून पिंपे ठेवता येत, आणि त्यामुळे वस्तीवस्तीत लहान ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या. जर्मनांनी आपला रविवारही सोबत आणला होता : सहकुटुंब बागेत बसावे, संगीत ऐकावे, बिअर प्यावी. सनातनी प्रॉटेस्टंटांच्या निष्क्रिय, प्रार्थनामय रविवाराशी त्याचा संघर्ष अटळ होता.

ख्रिस फॉन डर आहे हा त्या जर्मनांपैकीच एक. प्रशियातून पोरवयात आलेल्या या माणसाने ग्रँड अव्हेन्यूवर किराणा दुकान आणि मद्यगृह चालवले. जवळच्या मैदानावर सामना असला की आपले गिऱ्हाईक वाढते, एवढेच त्याने प्रथम हेरले. खेळातले त्याला फारसे कळत नव्हते, असे सगळेच सांगतात. पण त्याने मैदानाचे हक्क मिळवले, संघ उभा केला, आणि मग त्या संघाच्या नादी असा लागला की अखेर मद्यगृह खेळासाठी की खेळ मद्यगृहासाठी, हे सांगता येईना.

त्या वेळी प्रस्थापित नॅशनल लीगला आपला खेळ ‘सभ्य’ ठेवायचा होता. पन्नास सेंटचे तिकीट, रविवारी सामना नाही, मैदानावर बिअर नाही. मैदानावर बिअर विकू देण्याचा आणि रविवारी मैदान भाड्याने देण्याचा हट्ट सोडला नाही, म्हणून १८८० साली सिनसिनाटीच्या संघाला हाकलण्यात आले. त्याला उत्तर म्हणून १८८१ च्या नोव्हेंबरात ‘अमेरिकन असोसिएशन’ ही प्रतिस्पर्धी लीग स्थापन झाली. तिचे तिकीट पंचवीस सेंट, रविवारी खेळ, आणि बिअर उघडपणे. टीकाकार तिला ‘बिअर-व्हिस्की लीग’ म्हणत. ज्या कामगाराला आठवड्यातून एकच दिवस सुटी मिळते, त्याच्यासाठी रविवारची बंदी म्हणजे खेळाचीच बंदी होती, ही गोष्ट त्या टीकेत येत नाही. पुढे १८८७ मध्ये रविवारच्या कायद्याखाली फॉन डर आहेला अटकही झाली. न्यायालयाने मात्र कौल त्याच्या बाजूने दिला.

त्याच्या ‘ब्राउन्स’ संघाने १८८५ पासून सलग चार वर्षे असोसिएशनचे अजिंक्यपद मिळवले. १८८६ च्या ऑक्टोबरात त्यांची गाठ नॅशनल लीगच्या शिकागो संघाशी पडली. शिकागोचा अध्यक्ष अल्बर्ट स्पॉल्डिंग हा स्वतः नामवंत माजी खेळाडू, क्रीडासाहित्याचा बडा व्यापारी, आणि आपले खेळाडू दारू पितात की काय यावर गुप्तहेरांकरवी पाळत ठेवणारा शिस्तप्रिय गृहस्थ. जिंकणाऱ्याने तिकिटांचे सारे उत्पन्न न्यावे, असे ठरले होते. सहाव्या सामन्यात, दहाव्या डावात, कर्ट वेल्चने निर्णायक धाव घेतली आणि मालिका ब्राउन्सने जिंकली. मद्यगृहाच्या मालकाने सभ्यतेच्या पुरस्कर्त्याला हरवले होते.

आणि तरीही इतिहासात हा विजेता आपल्याला भेटतो तो विदूषक म्हणून. इंग्रजी वृत्तपत्रे त्याचे बोलणे जर्मन उच्चारांसकट, मुद्दाम वेडेवाकडे छापत. आपल्या मैदानाची आखणी जगात सर्वांत मोठी आहे अशी बढाई त्याने मारली, आणि ती सगळीकडे सारख्याच मापाची असते हे त्याला ठाऊक नव्हते, असा किस्सा अजून सांगितला जातो. असे किस्से कितपत खरे? मराठी नाटकातला अडखळत बोलणारा परप्रांतीय ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही युक्ती ओळखू यावी. ज्याचा उच्चार हास्यास्पद ठरला, त्याचा विचार ऐकण्याची गरज उरत नाही. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थांबले पाहिजे, कारण बोलीची नक्कल हा या माणसाविषयीचा मोठा ‘पुरावा’ होऊन बसला आहे.

असोसिएशन १८९१ च्या हंगामानंतर बुडाली; तिचे चार संघ नॅशनल लीगने सामावून घेतले, त्यांत सेंट लुईसही होता. १८९८ साली मैदानाला आग लागली, दावे उभे राहिले, आणि पुढच्याच वर्षी संघ फॉन डर आहेच्या हातून गेला. तोच संघ १९०० पासून ‘कार्डिनल्स’ या नावाने ओळखला जातो. त्याचा जुना मालक १९१३ मध्ये यकृताच्या विकाराने वारला. ऐन भरभराटीत त्याने मैदानाबाहेर स्वतःचा पुतळा उभारला होता; तो आता त्याच्या थडग्यावर आहे.

स्पॉल्डिंगचे कार्य मात्र अद्याप संपले नव्हते. बेसबॉल हा इंग्लंडातल्या राउंडर्स या खेळातून आला, हे मत त्याला मान्य नव्हते. त्याच्या पुढाकाराने १९०५ साली एक समिती नेमली गेली, आणि १९०७ च्या अखेरीस तिने निर्णय दिला : हा खेळ ॲब्नर डबलडे याने १८३९ साली कूपरस्टाउन या गावात शोधला. आधार होता एका वृद्धाच्या आठवणीचा. डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात होता, आणि त्याने स्वतः असा दावा कधीच केला नव्हता. इतिहासकारांनी ही कथा केव्हाच निकालात काढली आहे; तरी खेळाचे स्मृतिमंदिर १९३९ साली कूपरस्टाउनलाच उघडले. गाव, हिरवळ, भावी सेनानी. या कुळकथेत स्थलांतरिताला आणि त्याच्या पिंपाला जागा नव्हती. मैदानावर हरलेला सामना स्पॉल्डिंगने जन्मकथेत जिंकला, असे आम्ही म्हणू.

पहिल्या महायुद्धातला जर्मनद्वेष आणि १९२० ची दारूबंदी यांनी उरलेले काम केले. १९३३ मध्ये बंदी उठली तेव्हा पुन्हा उभे राहण्याची ताकद प्रामुख्याने मोठ्यांत होती. त्यांतल्याच अनहायझर-बुश कंपनीने १९५३ साली कार्डिनल्स विकत घेतले. मैदानाला ‘बडवायझर’ हे बिअरचे नाव देण्याचा मालकाचा बेत आक्षेपांमुळे फसला. तेव्हा त्याने ‘बुश’ हे कुलनाम दिले, आणि दोनच वर्षांनी त्याच कुलनामाची बिअर बाजारात आणली! बिअर पुन्हा मैदानात आली, पण वस्तीतली नव्हे, महामंडळाची.

लहान ब्रुअरी सेंट लुईसला परतली ती १९९१ च्या डिसेंबरात, श्लाफ्लीच्या रूपाने. २०११ साली अर्बन चेस्टनट सुरू झाली. तिच्या संस्थापकांतला एक बव्हेरियन ब्रुअर आधी त्याच बलाढ्य कंपनीत होता. अशा ब्रुअरची निष्ठा चमत्कारिक असते : मैदानावर प्रतिस्पर्ध्याचे नाव, आणि आपला संघ मात्र तोच. त्यातून लागर मुरायला महिना-दीड महिना लागतो; ऑक्टोबरातल्या अंतिम सामन्यांसाठी पिंप ऑगस्टच्या अखेरीस भरावे लागते. २०११ च्या ऑगस्टच्या उत्तरार्धात कार्डिनल्स बाद फेरीच्या जागेपासून साडेदहा सामने मागे होते. हिशेबी माणसाने तेव्हा पिंप भरले नसते. संघ हंगामाच्या शेवटच्या दिवशी आत शिरला आणि ऑक्टोबरात जगज्जेता झाला.

मॅलमड हा स्वतः ब्रुकलिनमधल्या स्थलांतरित किराणा दुकानदाराचा मुलगा. ते दुकान त्याने ‘द असिस्टंट’ (१९५७) मध्ये रंगवले; बेसबॉलच्या कादंबरीत मात्र कुरणच राहिले. दुकान आणि कुरण अशी दोन वेगळी पुस्तके झाली. ग्रँड अव्हेन्यूवर ती एकाच रस्त्यावर, एकाच माणसाच्या हाती होती. कुरणाच्या कथा आम्ही पुढेही आवडीने वाचू. पण वाचताना कुंपणाबाहेरच्या त्या किराणा दुकानाकडे एकदा वळून पाहू.