हवेतला कार्बन आणि यंत्राची मालकी

हवेतला कार्बन डायऑक्साइड यंत्राने ओढून घ्यायचा आणि त्यापासून मिथेनॉल, इंधन, रसायने बनवायची, या तंत्राचे सध्या मोठे कौतुक चालू आहे. चळवळीतले काही मित्र मात्र हे सगळे भांडवलदारांचे थोतांड म्हणून उडवून लावतात. आम्हाला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात.

हवेतून माल काढण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवून दाखवला. १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला. त्या अमोनियापासून खत झाले आणि जगाचे धान्य वाढले. पहिल्या महायुद्धात त्याच अमोनियापासून जर्मनीची स्फोटकेही झाली. रसायन तेच होते. खत करायचे की बॉम्ब, हे ठरवणारे हात वेगळे होते.

हवामानबदलावरचा उपाय म्हणून हवेतला कार्बन पकडण्याची कल्पना १९९९ मध्ये क्लाउस लॅकनर यांनी मांडली. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील हिनविल येथे पकडलेला वायू भाजीपाल्याच्या हरितगृहाला दिला गेला. पुढे २०२३ मध्ये याच क्षेत्रातली कार्बन इंजिनिअरिंग ही कॅनडाची कंपनी ऑक्सिडेंटल या अमेरिकी तेल कंपनीने ११० कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. जुन्या विहिरींत कार्बन डायऑक्साइड दाबून आणखी तेल काढणे हा ऑक्सिडेंटलचा कित्येक वर्षांचा धंदा!

मग यंत्रच नको म्हणायचे का? बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाला उत्तर दिले आहे. दोष यंत्राचा नाही; खासगी मालमत्ता आणि वैयक्तिक नफा पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

तोच प्रश्न इथे लावून पाहा. हवेच्या दहा हजार रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार. शिवाय तो जळून उरलेला वायू. त्याचे पुन्हा इंधन करायला प्रचंड वीज लागते. ती कोळशाची असेल तर सगळा खटाटोप व्यर्थ. सौर वीज हवी तर जमीन हवी. महाराष्ट्रात सौर प्रकल्पांसाठी गायरानांकडे बोट दाखवले जाते. त्याच गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे पोट भरतात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच भाकरीसाठी.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : यंत्र येऊ द्या, पण मालकी सार्वजनिक हवी आणि गायरान कसणाऱ्याचा सातबारा आधी हवा.

जय भीम!