बुलढाण्यातून उठलेला प्रश्न

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती सौम्य झाली. विधवाविवाह १८५६ पासूनच कायदेशीर होता, पण जातीच्या बहिष्काराचे भय कायद्याहून प्रबळ होते. काही वृत्तपत्रांनी तर समस्त स्त्रीजातीलाच दूषणे दिली.

बुलढाण्याच्या मराठा कुटुंबातील ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिले. पत्नी वारताच पुरुष पुन्हा बोहल्यावर चढतो, मग पतिनिधनानंतर स्त्रीलाच बंदी का?

शीलभ्रष्ट म्हणून एका स्त्रीकडे बोट दाखवणाऱ्यांना ताराबाईंनी शीलाचे दुहेरी नियम घडवणारी समाजव्यवस्था दाखवली. टीका झाली, १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.