एक शब्द, दोन ओझी

काही शब्द दोन खिशांचे असतात. एका खिशात हात घालावा, तर दुसऱ्यातलं काहीतरी हाताला लागतं. 'शुल्ड' हा तसा शब्द. जर्मन आणि डच दोन्ही भाषांत त्याचं स्पेलिंग अगदी एकच. जर्मन माणूस त्याचा उच्चार साधारण 'शुल्ट' असा करतो, डच माणूस घशातून खरखरीत 'ख' काढून 'स्खुल्ट' असा. अर्थ दोन: कर्ज आणि अपराध.

डचमध्ये तर पुरती सरमिसळ आहे. 'मी तुझे दहा युरो देणं लागतो' आणि 'आरोपी दोषी आहे' या दोन्ही वाक्यांत विशेषण एकच येतं. जर्मनने थोडी सोय करून ठेवली आहे. एकवचन असेल तर बहुधा दोष, आणि अनेकवचनी 'शुल्डन' असेल तर कर्ज.

शब्दाचं मूळ शोधत गेलं तर एक जुनं जर्मानिक क्रियापद सापडतं. त्याचा अर्थ 'देणं लागणे'. इंग्रजीतले आपल्या ओळखीचे 'शॅल' आणि 'शुड' त्याच कुळातले. म्हणजे बघा, 'तू हे करायला हवंस' असं आपण कुणाला सांगतो, त्यातही मुळात एक थकबाकीच आहे! नीत्शेने 1887 साली हाच धागा ओढला. नीतीच्या उगमावरच्या आपल्या पुस्तकात तो म्हणतो की अपराधाची उदात्त वाटणारी कल्पना सावकार आणि कुळाच्या रोकड्या व्यवहारातून आली आहे.

हे फक्त त्यांच्याकडेच आहे असंही नाही. ऋग्वेदात वरुणाकडे केलेल्या प्रार्थनेत पाप आणि ऋण शेजारी शेजारी येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेत मूळ ग्रीक शब्द कर्जाचाच आहे, आणि मराठी बायबलातही तिथे 'ऋण' असंच आहे. पुढे आपल्याकडे ऋणाला गोडवा आला. 'ऋणानुबंध' म्हटलं की आपल्याला माणसं आठवतात, आणि सत्काराला उत्तर देताना 'मी आपला ऋणी आहे' हे आपण अभिमानाने म्हणतो. तिकडच्या शब्दाला मात्र कोर्टाचा वास राहिला.

असो. शब्दांची गंमत इथे संपते, कारण या शब्दाने माणसांचे हिशेब मांडले आहेत.

1919 च्या व्हर्सायच्या तहात पहिल्या महायुद्धाची जबाबदारी जर्मनीवर आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली गेली. तिच्या आधारावर 1921 साली 132 अब्ज सुवर्ण मार्कांची भरपाई ठरली. आधी दोष, मग देणं. जर्मन भाषेत दोन्हींमध्ये अंतर फक्त एका प्रत्ययाचं. त्या कडवटपणाचा फायदा हिटलरने कसा घेतला ते आपण जाणतोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर अपराध कितीतरी पटींनी मोठा होता. तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सने 1946 साली 'शुल्ड'चा प्रश्न जर्मनांपुढेच ठेवला. कायद्यापुढचा, राजकीय, नैतिक आणि त्याही पलीकडचा, असे दोषाचे चार प्रकार त्याने वेगळे केले. पण पैशांच्या बाबतीत जगाने या वेळी शहाणपण दाखवलं. 1953 च्या लंडन कराराने पश्चिम जर्मनीचं परकीय कर्ज जवळपास निम्मं माफ झालं. माफ करणाऱ्या देशांत ग्रीसही होता. पुढे 2010 मध्ये ग्रीस कर्जात बुडाला, तेव्हा जर्मन वृत्तपत्रांत ग्रीकांच्या आळसाची आणि उधळेपणाची चर्चा रंगली. योगायोग असा की पहिल्या महायुद्धाच्या देण्यांशी जोडलेल्या रोख्यांचा शेवटचा हप्ता जर्मनीने फेडला तो त्याच वर्षी, 3 ऑक्टोबरला.

डचांची वही तर आणखी अजब. 1863 मध्ये त्यांनी सुरिनाममधली गुलामगिरी रद्द केली आणि भरपाईही दिली. कुणाला? मालकांना, दर गुलामामागे 300 गिल्डर! सुटलेल्या माणसांतल्या बहुतेकांना पुढची दहा वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांत कामाचे करार करावे लागले. इंडोनेशियाने स्वातंत्र्यासाठी चार वर्षं रक्त सांडलं. 1949 मध्ये डचांनी सार्वभौमत्व मान्य केलं, पण वसाहतीचं चार अब्ज गिल्डरांहून अधिक कर्ज नव्या देशाच्या माथी मारलं. 1956 साली सुकार्नोंनी उरलेलं फेडायला नकार दिला. अपराधाची कबुली यायला त्यानंतरही कितीतरी वर्षं लागली. इंडोनेशियातल्या हिंसाचाराबद्दल डच राजाने 2020 मध्ये माफी मागितली, गुलामगिरीबद्दल 2023 मध्ये.

कर्ज आणि अपराधाला एकच शब्द असला की कर्जदार आपोआप गुन्हेगार दिसू लागतो. पण वरच्या हिशेबात अपराध एकाचा आणि कर्ज दुसऱ्याच्या नावावर, असंही घडलं आहे. शब्द त्यात निर्दोष. वही ज्याच्या हातात असते, तोच ठरवतो की कुणाच्या नावापुढे यातला कोणता अर्थ लिहायचा. म्हणून कुणी 'तू माझं देणं लागतोस' म्हणालं, की वहीची मागची पानंही एकदा चाळून बघावीत.